पाठमोऱ्या खुर्च्या

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आता चष्म्यांचं दुकान आहे. दुकान चांगलं आहे, तक्रारीला जागा नाही, आणि तरी मी तक्रार करतो. काचेचं दार, पांढरेफटक दिवे, भिंतीभर नुसते चष्मे, मागे ना डोळे ना नाक. आत पाऊल टाकलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. याच जागेत पूर्वी मावशीचा कॅफे होता. तिथे कोणी हळू बोललं तर लोक विचारायचे, काय रे, कुणाच्या घरी डल्ला मारून आलास?

मी किल्ल्या करतो. कॅफेच्या रांगेतच, पाच-सहा दारं सोडून माझं दुकान. दुकान कसलं, एक फळी, किल्ल्या कापायचं यंत्र, दोन-चार कानशी आणि मागे कोऱ्या किल्ल्यांच्या माळा. वर दोन खोल्यांचं घर. कॅफेतली मंडळी मला कुलप्या म्हणायची, कारण जगाला किल्ल्या देणाऱ्या या माणसाच्या तोंडाला मात्र कुलूप नाही, असं त्यांचं मत होतं. समोर, रस्त्यापलीकडे, शिंपी राहायचा. त्याला सगळी गल्ली मास्तर म्हणायची. त्याचंही तसंच, खाली दुकान आणि वर घर, आणि त्याच्या खिडकीच्या बरोबर समोर माझी खिडकी. गल्ली इतकी अरुंद की मास्तर शिंकला की मी इकडून 'जपून' म्हणायचो.

आमची दोस्ती मात्र खिडकीतली नव्हे, कॅफेतली. मावशी कोणाचीच सख्खी मावशी नव्हती. कॅफे म्हणजे एक लांबट खोली, दाराला घंटा आणि एक म्हातारं कॉफीचं यंत्र. ते सुरू झालं की दुसरं काही ऐकू यायचं नाही. बोलणाऱ्याने वाक्य तिथेच धरून ठेवायचं आणि यंत्र थांबलं की पुढे न्यायचं, अशी आम्हा सगळ्यांना सवय लागली होती. अजूनही घरात मिक्सर लागला की मी वाक्याच्या मध्येच थांबतो. बायको म्हणते, तेवढा एक फायदा झाला त्या कॅफेचा.

खुर्च्या मावशीने मोडीत निघालेल्या जागांमधून एकेक करून आणल्या होत्या. कुठली शाळेतली, कुठली न्हाव्याकडची. त्यामुळे एकीचा चेहरा दुसरीला नाही आणि प्रत्येकाची खुर्ची ठरलेली. माझी कुठल्याशा कचेरीतली, रुंद, एका हाताने लुळी. मास्तरची उंच पाठीची, पाठीला उभ्या पट्ट्या. त्यातली एक मोडली तेव्हा मावशीने दुसऱ्याच लाकडाची बसवून घेतली, ती फिकट पट्टी लांबूनही ओळखू यायची.

त्या कॅफेत एक रीत होती. ज्याला त्या दिवशी कोणाशी बोलायचं नसेल, त्याने आपली खुर्ची उचलून आतल्या कोपऱ्यात न्यायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायचं. मावशी म्हणायची, तोंड पाडून बसायचंय ना, मग भिंतीसमोर पाड, बाकीच्यांचा चहा कशाला कडू करतोस? बोलणं फटकळ, पण पुढची सगळी व्यवस्था मायेची. पाठमोऱ्या माणसाला कोणी हाक मारायची नाही. मावशी स्वतः कप नेऊन त्याच्या हाताशी ठेवायची, तोही तोंडातून अक्षर न काढता, आणि मावशीने गप्प राहणं म्हणजे काय ते तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. मग त्या माणसाच्या मनात आलं की तो आपली खुर्ची फिरवायचा. फिरलेली खुर्ची ज्याला आधी दिसेल त्याने हातातलं टाकून त्याच्याजवळ जाऊन बसायचं आणि बोलायचं. कशावरही बोलायचं. फक्त काय झालं ते विचारायचं नाही.

माझा धाकटा भाऊ घर सोडून गेला तेव्हा मीही तिथे बसलो होतो. भिंतीवर ओलीचा एक डाग होता, तो अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मागे मास्तर कोणाच्या तरी उसवलेल्या पँटचा किस्सा रंगवून सांगत होता. हसण्याचा गलका व्हायचा, यंत्र फुसफुसायचं, बश्या वाजायच्या. मला हसायचं नव्हतं, पण मी एकटाही नव्हतो. पाठीला सगळं ऐकू येत होतं. शेवटी खुर्ची फिरवली तेव्हा मास्तर लोणी लावलेला पाव हातात घेऊन तसाच उठून आला आणि बटणांवर बोलत सुटला. चार भोकांचं बटण असताना शिंपी दोनच भोकांतून दोरा का घालतात, शिंगाची बटणं कशी असायची, प्लास्टिकने शर्टाची अब्रू कशी घालवली. भावाचा विषय नाही. मी ऐकत राहिलो आणि कधीतरी पाव खाऊन टाकला. त्याचाच होता.

पुढे मावशीचे गुडघे गेले, इमारत विकली गेली. शेवटच्या दिवशी तिने जाहीर केलं की ज्याची खुर्ची त्याने घरी न्यावी, ती काही ही लाकडं डोक्यावर घेऊन जाणार नाही. त्या संध्याकाळी आम्ही सगळे आपापली खुर्ची उचलून घरोघर निघालो. बघणाऱ्याला वाटलं असेल, कुठे सभा उठली. मावशी बहिणीकडे राहायला गेली आणि तिकडेच वारली.

त्यानंतर आम्ही भेटत नव्हतो असं नाही. पण कोणाच्या घरी जायला कारण लागतं. कॅफेत कारण लागायचं नाही, तीच तर त्या जागेची गंमत होती. पाय आपोआप जायचे आणि आत कोणीतरी असायचंच. आता दुकान बंद करून वर जाताना माझे पाय अजून डावीकडे वळतात आणि समोर चष्मे दिसतात. मला त्या जागेची आठवण येते. लहान पोरासारखी येते, आणि या वयात हे कोणाला सांगायचं?

या वर्षी माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डोळा लाल झाला, उतरेना, म्हणून दुसऱ्या गावच्या इस्पितळात मुक्काम लांबला. मी तिथे पट्टी बांधून पडलो होतो आणि इकडे मास्तरची बायको गेली. झोपेतच गेली. वहिनी म्हणायचो मी तिला. खिडकीतून तिने मला जेवढं झापलंय तेवढं माझ्या सख्ख्या बायकोनेही नाही. पोरांनी मला मुद्दामच उशिरा सांगितलं, रडून डोळा बिघडेल म्हणून. सगळे येऊन भेटून गेले, फक्त मी राहिलो.

घरी परतलो तो बंधनांची यादी घेऊनच. धूळ नको, वाकायचं नाही, दुकान बंद. समोरच्या काचेवरून ऊन उडून डोळ्यात तिरीप येते म्हणून बायकोने माझी खुर्चीसुद्धा हलवून ठेवली. मी आधी खिडकीशी गेलो. समोर मास्तरच्या खिडकीत त्याची खुर्ची होती, ती फिकट पट्टीची, आणि तिची पाठ गल्लीकडे होती. खुर्चीत मास्तर, मान खाली घातलेली. मला काय ते कळलं. म्हणजे मला तसं वाटलं.

बायको म्हणाली, दोन पावलांवर घर आहे, भेटून या. मी म्हटलं, तो पाठमोरा बसलाय. ती म्हणाली, मग काय झालं? तिला रीत माहीत नव्हती असं नाही, पण कॅफेत ती क्वचित यायची. आमच्या खुळांचा तो अड्डा आहे, असं तिचं म्हणणं. मग मी मावशीचं काम अंगावर घेतलं. रोज सकाळी थर्मासमध्ये कॉफी भरून बायकोबरोबर मास्तरच्या दारापर्यंत पाठवायची, निरोप काही द्यायचा नाही. थर्मास स्वच्छ धुऊन परत यायचा, त्याच्याबरोबरही निरोप नसायचा. मी बायकोला विचारायचो, काही बोलला का? ती म्हणायची, तुमच्या डोळ्याचं विचारलं, मी म्हटलं बरा आहे. बास, एवढंच. मी मनात म्हणायचो, ठीक आहे, मास्तर रीत पाळतोय, तर मी का मोडू? तो वळला की पहिला मी जाणार.

मास्तर वळला नाही. उलट बायकोच एक दिवस थर्मास घेऊन परत आली ती डोळे पुसत. मास्तरची लेक आली होती आणि त्याला कायमचं आपल्या गावी घेऊन जाणार होती. घर सोडायचं ठरलं होतं, रविवारी ट्रक येणार होता. ते गाव कुठल्या कुठे, या वयात त्याने परत येणं नाही की माझं तिकडे जाणं नाही. हा माणूस माझ्याशी शब्दही न बोलता जातो की काय?

"कॅफे गेला, मावशी गेली," बायको म्हणाली. "आता ही रीत कोणासाठी पाळताय?"

"मास्तरसाठी," मी म्हटलं.

"मास्तरला विचारलंत?"

विचारायचं नसतं, असं मी म्हटल्यावर तिने कपाळावर हात मारून घेतला. दोघे एकाच माळेचे मणी, म्हणाली आणि आत निघून गेली. मी दिवसभर घिरट्या घालत होतो. जरा खुर्चीत टेकायचो, पुन्हा उठून खिडकीशी जायचो. समोर तीच पाठ. फिरव रे, फिरव, मी मनातल्या मनात म्हणायचो. एकदा वाटलं, सरळ जिना उतरावा आणि जाऊन त्याची खुर्ची हाताने फिरवावी. पण माझी खुर्ची तेव्हा कोणी फिरवली असती तर मी आयुष्यात त्या माणसाचं तोंड पाहिलं नसतं. मग जिन्यापर्यंत गेलेला पाय मागे यायचा.

शनिवारी मला नव्या चष्म्याचा नंबर काढायचा होता. डॉक्टरांनी आता हरकत नाही म्हटलं होतं, आणि घरात बसून त्या पाठीकडे बघत राहण्यापेक्षा बरं म्हणून मी खाली उतरून कोपऱ्यावर गेलो. चष्मेवाली एक चटपटीत बाई आहे, काम चोख, बोलणं मोजकं. दार ढकलून मी आत गेलो आणि तिथेच खिळलो.

आतल्या कोपऱ्यात, बरोबर त्याच जागी, तिची तपासणीची उंच खुर्ची आहे. जिथे ओलीचा डाग होता तिथे आता अक्षरांचा तक्ता टांगलाय. आणि त्या खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून, मास्तर बसला होता. तोच कोपरा, तीच भिंत, आणि मास्तरची पाठ. नवीन गावी जायच्या आधी तोही चष्मा बदलून घ्यायला आला असणार, एवढं साधं माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पण डोक्याच्या आधी पाय चालले. मी आवाज न करता मागे वळलो आणि दाराची मूठ धरली.

"आता इकडे बघा," चष्मेवाली मास्तरला म्हणाली आणि तिने खुर्ची फिरवली.

तिची ती खुर्ची हाताच्या एका धक्क्याने गरकन फिरते. बिचारी आपलं काम करत होती, तिला काय ठाऊक? मी मान वळवली तर मास्तर माझ्याकडे तोंड करून बसलेला. नाकावर तपासणीची लोखंडी चौकट, एका डोळ्यावर काळी काच आणि दुसऱ्यावर जाड भिंग, त्यातून तो डोळा केवढा तरी मोठा दिसत होता. चेहरा ओढलेला, गालफडं बसलेली. पण खुर्ची फिरली होती. आणि ती आधी मला दिसली होती.

मी तडक गेलो, एक स्टूल ओढून त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलो आणि म्हटलं, "मास्तर, हल्ली कॉलरची बटणं इतकी बारीक का करतात रे? बोटात धरताच येत नाहीत."

चष्मेवाली आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत राहिली. मास्तरने तो मोठा डोळा माझ्या डोळ्यावर रोखला. मग त्याने विचारलं, "डोळा गेला का रे तुझा? खरं सांग."

"कोण म्हणतं? शाबूत आहे. तुझ्या नाकावर काय लटकलंय तेसुद्धा दिसतंय मला."

"मग इतके दिवस माझ्याकडे पाठ करून का बसलास, कुलप्या?"

मग हळूहळू सगळं लख्ख झालं. तिरीप नको म्हणून बायकोने माझी खुर्ची हलवली होती ती अशी, की तिची पाठ खिडकीला लागली. मी दिवसभर गल्लीकडे पाठ करून त्या खुर्चीत बसायचो आणि मधून मधून उठून मास्तरची पाठ बघून यायचो. तो मान खाली घालून बसलेला, त्याने मान वळवून मागे बघावं तेव्हा मी परत खुर्चीत. त्याला दिसायची ती फक्त माझी पाठ. दुसऱ्याची पाठ मी रोज वाचत होतो. स्वतःची कोणाला दिसते?

आणि तो? तो लेकीसाठी वहिनीचे कपडे आवळून देत होता. वहिनी अंगाने भरलेली, लेक काडी. तिला आईचं सगळं हवं होतं, म्हणून हा बसून एकेक शिवण उसवून पुन्हा घालत होता. सुईत दोरा ओवायला उजेड पाठीमागून लागतो, हे मी तुला किती वेळा सांगितलंय, असं वर मलाच ऐकवलं. खरंच सांगितलं होतं. कॅफेत निदान शंभरदा सांगितलं असेल.

"बायको सांगत होती ना तुला, डोळा बरा आहे म्हणून," मी म्हटलं.

"बरं आहे असं मीपण सगळ्यांना सांगतच होतो की," मास्तर म्हणाला.

आधी मला हसू फुटलं, मग त्याला. रोजच्या कॉफीवरून त्याला वाटलं होतं की मी डोळ्याच्या दुःखात आहे आणि तरी त्याची काळजी घेतोय, म्हणून तो माझ्या वळण्याची वाट बघत होता. मी त्याच्या वळण्याची वाट बघत होतो. दोन म्हातारे गाढव, आणि मध्ये हात लांबवला तर पोचेल एवढी गल्ली. हसता हसता मास्तरच्या नाकावरची चौकट थडथडायला लागली तेव्हा चष्मेवालीने ती हळूच काढून घेतली. चौकट निघाली आणि त्याचं हसू कधी थांबलं ते कळलंच नाही.

मावशीची रीत खोटी नव्हती. पण ती त्या खोलीची रीत होती. तिथे पाठ फिरवली तरी मागे माणसं होती, कप वाजत होते, यंत्र फुसफुसत होतं. घरातल्या खुर्चीत पाठीला काहीच ऐकू येत नाही. आम्ही खुर्च्यांबरोबर ती रीतही उचलून घरी आणली, ती तिथेच ठेवून यायला हवी होती. मग तिथेच, त्या भिंतीखाली बसून मी ती मोडली.

"वहिनींचं काय झालं रे?" मी विचारलं. "मला सांग."

"सगळ्यांना सांगून झालंय," मास्तर म्हणाला. "तुला सांगायचं राहिलं होतं. म्हणून सांगून झाल्यासारखं वाटत नव्हतं."

मग तो सांगत बसला. त्या दिवशी तिने काय काय केलं, कुठल्या क्षुल्लक गोष्टीवरून दोघांचं वाजलं, दुपारी पुन्हा कसं जमलं. संध्याकाळी पडदा ओढताना ती म्हणाली होती की समोर अंधार असला की गल्ली खायला उठते, कुलप्या कधी येणार आहे? त्यानंतर ती काही विशेष बोलली नाही. मी मास्तरचा हात धरून बसलो होतो आणि दोघेही रडत होतो, आणि माझ्या डोळ्याला ते चालत नाही हे मला अजिबात आठवत नव्हतं. मध्ये कधीतरी चष्मेवालीने दोन कागदी कप आमच्या हाताशी आणून ठेवले आणि न बोलता निघून गेली. कॉफी पांचट होती. आम्ही ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. बाहेर आलो तेव्हा चष्मा दोघांचाही तपासून झाला नव्हता.

रविवारी ट्रक आला. सामान भरताना मी काही कामाचा नव्हतो, तरी मध्ये मध्ये करत होतो. बायकोने एकदाही, मी सांगत नव्हते का, असं म्हटलं नाही, हे तिच्या नावावर लिहून ठेवतो. सगळ्यात शेवटी मास्तरची खुर्ची आली. हमालाने ती मागच्या कडेला सामानावर चढवली आणि दोरीने आवळून बांधली. मास्तर पुढे लेकीच्या गाडीत बसला होता. मी गाडीच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. गाडी सुरू झाली तशी त्याची नजर मागे गेली, आणि तो दार उघडून खाली उतरला.

"खुर्ची फिरव," तो हमालाला म्हणाला.

हमाल कावला होता. म्हणाला, काय फरक पडतो काका, त्यात बसणार कोण आहे?

"तिचं तोंड गल्लीकडे कर," मास्तर म्हणाला आणि काम होईपर्यंत तिथून हलला नाही.

मग गाडी निघाली आणि तिच्यामागून ट्रक. ट्रकच्या मागे, सगळ्या सामानाच्या वर, ती फिकट पट्टीची रिकामी खुर्ची माझ्याकडे तोंड करून बसली होती. रीतीप्रमाणे मी जाऊन जवळ बसायला हवं होतं. मी तिच्याकडे बघत चालायला लागलो, मागून बायको उन्हाचा चष्मा घाला म्हणून हाका मारत होती, आणि मी चालत राहिलो, कोपऱ्यावरच्या चष्म्यांच्या दुकानापर्यंत. तिथून ट्रक वळला.